बसलेल्या पॅडचं माप

१२ जानेवारी २००४, सोमवार

डॉक्टर लाकूर म्हणाले होते, "मादाम थिबो, राग आला की ओरडू नका, लिहून काढा. रक्तदाब उतरेल." म्हणून जिझेलने नाताळात ही वही दिली. अठरा दिवस कोरी पडली होती. आज लिहितेय, कारण आज तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी रेडिओवर बातमी. आइस हॉकीच्या लॉरेन्शियन लीगमध्ये गोल होत नाहीत, प्रेक्षक जांभया देतात, म्हणून मॉन्ट्रियलला समिती बसली आहे. काय काय करायचं म्हणे? जाळी रुंद करायची. बर्फाच्या मधोमध जी लाल रेघ आहे ती पुसायची, म्हणजे तिच्यापलीकडे लांबचा पास देता येईल. आणि सगळ्यांत आधी गोलरक्षकाच्या पायांवरची पॅडं बारा इंचांवरून दहावर आणायची. समितीचे अध्यक्ष मॅकेग रेडिओवर म्हणाले, "हल्ली जाळीसमोर माणूस दिसत नाही, सोफा दिसतो."

सोफा म्हणे. बत्तीस वर्षं मी ही पॅडं शिवतेय. लीगमध्ये आठ संघ, सोळा गोलरक्षक, त्यातले अकरा माझी पॅडं बांधून बर्फावर उतरतात. प्रत्येक पॅडच्या आत माझा शिक्का: अँ. थिबो, १२. लीगचा नियमच आहे, मापाचा शिक्का कारागिराने मारायचा आणि कुणी तक्रार केली तरच पुन्हा मोजायचं. माझ्याबद्दल आजवर एक तक्रार नाही. माझे बारा म्हणजे बारा. पंधराव्या वर्षापासून सेंत-फिलोमेनच्या बुटांच्या कारखान्यात कातडं कापलंय मी. मला माप शिकवणारा हा मॅकेग कोण?

ओरेलला म्हटलं, ऐकलंस का. नवरा माझा खिडकीपाशी खुर्चीत, डावा पाय स्टुलावर. त्याने स्वतः अकरा वर्षं गोल राखलाय, तोसुद्धा तोंडावर मुखवटा नसायचा त्या काळात. वाटलं, हा तरी पेटून उठेल. तर म्हणतो, "बरोबर बोलतोय तो. आमच्या वेळी पाच-चार, सहा-पाच असे सामने व्हायचे. लोक घसा बसेपर्यंत ओरडायचे. आता एक-शून्य. आणि तो एकसुद्धा कुणाच्या तरी ढुंगणाला लागून आत जातो."

"तुझा गुडघा कशाने गेला ते विसरलास वाटतं," मी म्हटलं.

"रुंदीने नाही गेला," तो म्हणाला आणि पेपर तोंडासमोर धरला. हे तो चाळीस वर्षं म्हणतोय. मी लक्ष देत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

समितीचं पत्र आलं. वीस मार्चला सुनावणी, कारागिरांनीही येऊन बाजू मांडावी. पत्र पुरतं वाचायच्या आधीच मी फोन करून येते म्हणून सांगितलं.

जिझेल कापायच्या टेबलाशी उभी होती. माझी लेक, एकेचाळीस वर्षांची, नऊ वर्षं माझ्याबरोबर शिवतेय. म्हणाली, "आई, पत्र लिहून पाठव ना. जायची काय गरज?"

"का गं?"

"थंडी असते."

"मार्चमध्ये? आत्ता उणे बावीस आहे, त्यात तू डोक्यावर काही न घेता पाव आणायला गेलीस."

ती आत गेली. मी चारचौघांत बोलायला उभी राहिले की तिला लाज वाटते. लहानपणापासूनच तशी आहे.

२४ जानेवारी, शनिवार

रेजां पोमेर्लो आला होता, रिमूस्कीच्या संघाचा गोलरक्षक. धुरावलेला सामन मासा घेऊन आला. एकोणीस वर्षांचा असल्यापासून माझी पॅडं वापरतो, आता छत्तीसचा झालाय. या मोसमानंतर संघ पुन्हा करार करेल की नाही, कुणी बोलत नाही म्हणे. ज्या घरात कुणी बोलत नाही तिथे काय शिजत असतं ते मला माहीत आहे, पण त्याला ते कशाला सांगू.

प्लेऑफसाठी, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीसाठी, नवी जोडी हवी. माप घेतलं, कातडं निवडलं. समितीचा विषय निघाला तशी माझी टकळी सुरू झाली. मी म्हटलं, गोल होत नाहीत ते पॅडांमुळे नाही. पाच-पाच जण आपल्याच गोलसमोर पहाऱ्याला उभं राहिल्यासारखे उभे राहतात. समोरचा निसटला की त्याच्या कमरेत काठी अडकवून ओढतात, आणि पंच काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून मजा बघतो. ते थांबवा, ती लाल रेघ पुसा, मग बघा गोल कसे पडतात. रेजां सगळ्याला हो हो करत होता.

जाताना दारात थांबला. "मादाम, जोडी तुम्ही स्वतः बसवाल ना?"

बसवणं ही माझी खासियत. दुकानातलं पॅड नवीन असतं तेव्हा फळकुटासारखं ताठ. माझं पॅड शिवून, मोजून, शिक्का मारून झालं की मी ते ओल्या गरम कापडात गुंडाळते, बाकावर आडवं ठेवते, वर फळी, आणि फळीवर मी. रोज संध्याकाळी बटाटे सोलत, रेडिओ ऐकत, तीन आठवडे. गोलरक्षकाच्या हातात जातं तेव्हा ते जुन्या सपातांसारखं मऊ असतं. असं दुसरं कुणी करत नाही.

"जिझेल बसवेल की अर्धा वेळ," मी म्हटलं.

"नको नको. तुम्हीच. जिझेल जरा…" तो घुटमळला. "तिच्यात ती गोष्ट नाही."

आत जिझेलच्या हातून कात्री पडली. बिचारीला लागलं असणार. पण खरं ते खरं, काही गोष्टी अनुभवानेच येतात. मी रेजांला म्हटलं, काळजी करू नकोस, मीच बसेन. सामन सुरेख होता.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल रेजांने दिलेल्या तिकिटांवर ओरेलला घेऊन सामना बघायला गेले. रिमूस्की एक, पाहुणे शून्य.

इथे खोटं लिहून काय मिळवायचंय. दुसऱ्या सत्रात मला डुलकी लागली. ओरेलने कोपर मारलं आणि म्हणाला, "उठ, तुझी पॅडं खेळतायत." रेजांने दोन्ही पाय बर्फावर असे पसरले की खालची सगळी जागा भिंतीसारखी बंद. समोरच्या पोराने तीनदा सरळ मारली, तीनदा रबराची चकती पॅडला लागून परत. पोराने वर छताकडे बघितलं. मला त्याची थोडी दया आली, पण हे बाहेर कुणाला सांगणार नाही.

आज शांद्लरचा सण, म्हणून धिरड्यासारखे पॅनकेक केले. एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने पॅनकेक उलटवायचा, अख्खा पडला तर वर्ष चांगलं. माझा अर्धा चुलीवर पडला. ओरेल म्हणाला, "रुंद झाला असेल." त्याच्या जिभेला हाड नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज राखेचा बुधवार. चर्चमधून कपाळावर राख लावून आले आणि भाषण लिहायला बसले. चार पानं झाली. शेवट असा केलाय: गोलरक्षकाच्या अंगावरचं एक इंच काढाल तर आधी माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघा.

१९५८ साली चकती गुडघ्यावर बसली आणि ओरेल पुन्हा बर्फावर उभा राहिला नाही. घोड्याच्या केसांनी भरलेली अरुंद पॅडं होती, ओली झाली की शिशासारखी जड. त्याला प्लास्टरमध्ये बघितलं तेव्हाच ठरवलं की आपण चांगली पॅडं करायची. ते जमायला पुढे चौदा वर्षं गेली, पण मी ठरवलं होतं तेव्हाच.

मॉन्ट्रियलला बारा इंची चौकट नेणार आहे. मेपलच्या लाकडाची, बाबांनी केलेली. पॅड तिच्यातून अल्लद गेलं तर बरोबर, अडकलं तर परत उसवायचं. सगळ्यांसमोर पॅड आरपार काढून दाखवीन. पण चौकट सापडत नाही. जिझेल म्हणते, तिने नीट करायला दिलीय, एक सांधा हलत होता. आणि म्हणते, "आई, न बसवलेलं कोरं पॅड ने. चकचकीत दिसतं." मी म्हटलं, वेडी का तू, बसवलेलंच नेणार, त्यातच तर कारागिरी दिसते.

८ मार्च, सोमवार

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी पिठाच्या मोठ्या डब्यामागे चौकट सापडली. सांधा ठणठणीत. जिझेल बाजारात गेली होती. म्हटलं चला, भाषणाची तालीम करू. रेजांचं पॅड घेतलं, जे मी सोळा संध्याकाळी बसवलंय, आणि चौकटीतून सरकवलं. गेलं नाही.

जोर लावला, तरी गेलं नाही. मला वाटलं, चौकट आकसली. चुलीजवळ लाकूड सुकतं. टेप आणून चौकट मोजली, बरोबर बारा. मग पॅड मोजलं. बारा आणि पाऊण.

दुरुस्तीला आलेली जुनी तीन जोड्यांची पॅडं काढली. बारा पाच-अष्टमांश. बारा पाऊण. एक तर तेराला टेकलेलं. मग कपाटातून कोरं, न बसवलेलं पॅड काढलं. ते चौकटीतून असं सर्रकन गेलं की मी खालीच बसले.

दाबलं की पसरणार, हे कुठल्याही पोराला कळेल. मला बत्तीस वर्षं कळलं नाही, कारण कारखान्यात बूट साच्यावर असताना एकदा मोजतात. माणसाने पायात घातल्यावर पुन्हा कोण मोजतं? मी शिक्का मारायची आणि मग त्याच्यावर बसायची.

जिझेल आली. पॅड चौकटीत अडकलेलं तसंच टेबलावर ठेवलं होतं. तिने पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्याच वर्षापासून."

"नऊ वर्षं? आणि तोंडातून शब्द नाही?"

"काय सांगू? तू दर पॅडमागे शिक्का मारताना क्रूसाची खूण करतेस. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

मी ओरेलकडे वळले. त्याने पेपर समोर धरला होता, उलटा. म्हणजे यालाही माहीत. मी त्या दोघांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. डॉक्टरांनी ओरडू नका सांगितलं होतं, ते काही आज पाळलं गेलं नाही.

लाज वाटते. रागापेक्षा लाजच जास्त. मॅकेगला सोफा म्हणाला म्हणून मी शिव्या घातल्या, आणि सोफा मीच शिवत होते.

११ मार्च, गुरुवार

तीन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. मेपलच्या झाडांना रस सुटलाय. ओरेल लंगडत लंगडत रस धरायला खोडांना बादल्या टांगतोय, मदत कर म्हणत नाही आणि मीही जात नाही.

दुपारी रेजां आला. जिझेलने फोन केला असणार. अंगणातच उभा राहिला, टोपी हातात.

"तुलाही माहीत होतं," मी म्हटलं.

"मादाम, सगळ्यांनाच माहीत आहे. अकराच्या अकरा जणांना."

"आणि समोरचे संघ? एकाने तक्रार करू नये?"

"कसे करतील? त्यांच्या गोलरक्षकाच्या पायांतही तुमचीच पॅडं. शिवाय तुमच्या शिक्क्यावर संशय घ्यायचा म्हणजे चर्चमध्ये पाद्रीबाबांना ओळखपत्र मागण्यासारखं आहे."

मला हसू आलं नाही. तो जवळ आला. "वीस तारखेला कोरं पॅड न्या. बारा आहे, बाराच दाखवा. त्यात खोटं काय? प्लेऑफ तोंडावर आहेत. आता सगळ्यांची पॅडं मोजायला लागले तर माझं संपलं. चार सामने खराब गेले की करार गेला. मग मी दिवसभर घरात. माझ्या बायकोची तरी दया करा."

"तुझ्या बायकोची मला फार दया येते, पण पॅडवर नाव माझं आहे."

"तुम्ही गप्प राहिलात तर कुणाचं काय बिघडतं?"

"माझं बिघडतं."

कॉफी न घेता गेला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मला वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं, आणि तरी गप्प बसायचं मनात येईना. शिक्का खोटा आहे हे त्यांनी मोजून मला सांगायचं, की मी त्यांना सांगायचं, एवढंच आता माझ्या हातात आहे. भाषणाची चार पानं चुलीत घातली.

२१ मार्च, रविवार

काल काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण ओरेलने तीनदा सांगायला लावलं आणि तिसऱ्यांदा मीच भर घालू लागले होते.

जिझेल गाडी चालवत होती. वाटेत एकदाच म्हणाली, "आई, अजून वेळ आहे." मी म्हटलं, समोर बघ.

हॉटेलचं सभागृह, चाळीसेक पुरुष आणि मी. मोठ्या कंपन्यांचे लोक चकचकीत तक्ते घेऊन आलेले. एकजण म्हणाला, पॅड लहान केलं तर गोलरक्षक जखमी होतील. दुसरा म्हणाला, जाळीच सहा इंच वाढवा. तिसरा म्हणाला, जाळीला हात लावला तर आमचे आजोबा थडग्यातून उठतील. माझं नाव पुकारलं तेव्हा मॅकेग म्हणाले, "या मादाम, तुमच्या शिक्क्यावर इथे सगळ्यांचा विश्वास आहे."

मी टेबलावर चौकट ठेवली. कोरं पॅड तिच्यातून काढून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. मग हॉटेलवाल्याकडून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मागितला, पॅड गुंडाळलं, खुर्चीवर ठेवलं, वर फळी, आणि बसले.

"मादाम, काय करताय?" मॅकेग म्हणाले.

"एक तास बसणार आहे. तुम्ही तुमचं चालू ठेवा."

"तासभर?"

"घरी तीन आठवडे बसते. तासात सुटताय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण मी बसल्या बसल्या बोलत राहिले. म्हटलं, लाल रेघ पुसा. काठीने ओढणाऱ्याला बाहेर बसवा, दरवेळी बसवा, प्लेऑफमध्येसुद्धा. गोलरक्षकाने जाळी सोडून गोलमागे जाऊन चकती थोपवायची हेही आवरा. सगळा दोष एकट्या गोलरक्षकाच्या माथी मारून तुम्ही मोकळे होणार असाल तर ते चालणार नाही. त्यांनी माझ्यासमोरच जेवण मागवलं. मला पण सँडविच दिलं. बसूनच खाल्लं.

तास झाला. उठले, पॅड काढलं, चौकटीत घातलं. अडकलं.

मी म्हटलं, "बत्तीस वर्षं माझा शिक्का खोटा होता. बारा दिवसांपूर्वीपर्यंत मला माहीत नव्हतं. पण शिक्का माझा होता, म्हणून चूक माझी. आता ऐका. बारा ठेवा, अकरा करा, काय वाटेल ते करा. पण माप बसवल्यानंतर घ्या. शिवताना सगळेच प्रामाणिक असतात. आणि हो, दहा केलंत तर मी पुन्हा येईन आणि तासभर नाही, दिवसभर बसेन."

मग मॅकेग उठले. त्यांनी पॅड हातात घेतलं, चौकटीत स्वतः घालून बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "नियमात लिहायचं तर वजन लिहावं लागेल. किती वजनाखाली, किती वेळ. मादाम, क्षमा करा, पण तुमचं वजन…?"

चाळीस पुरुष माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, एकशे बावन्न पौंड. कारकुनाने लिहून घेतलं. जिझेलला ठसका लागला, ती पाणी प्यायली.

३ एप्रिल, शनिवार

समितीचा हुकूम: प्लेऑफच्या आधी सगळी पॅडं मोजणार, या मोसमापुरतं बाराच, पण बसवल्यानंतर. अकराच्या अकरा जोड्या परत आल्या. काहींबरोबर चिठ्ठ्या होत्या. एकाने लिहिलंय, "मादाम, तुम्ही आम्हाला भर बाजारात उघडं पाडलंत." मी उलट लिहिलं, "बाळा, उघडा पडलास म्हणजे पाऊण इंचाआड लपला होतास."

नऊ दिवस झाले, आम्ही तिघं उसवतोय आणि कापतोय. एका संध्याकाळी मी म्हटलं, एवढी रुंदी काढल्यावर गुडघ्याचं काय? ओरेल खुर्चीतून उठला, लंगडत आला आणि डावा पाय सरळ कापायच्या टेबलावर ठेवला. पँट वर केली.

"हात दे," म्हणाला. माझं बोट धरून गुडघ्याच्या आतल्या बाजूला त्या खड्ड्यावर टेकवलं. "इथे लागली. आतून. पॅडची कड इथे संपत होती आणि आत गादीच नव्हती. दोन फूट रुंद पॅड असतं तरी इथेच लागली असती. चाळीस वर्षं सांगतोय, रुंदीने नाही गेला."

किती वर्षांनी हात लावला त्या जागेला. जिझेल म्हणाली, मग आत गादी घालू. तिने पुठ्ठ्यावर आकार काढला, ओरेलने तो दोनदा खोडून दुरुस्त केला. रुंदी कमी, आतली गादी दुप्पट. बत्तीस वर्षं मी बाहेरून जपत होते.

शेवटची जोडी रेजांची. तो आला नाही. बसने पाठवली होती, बसनेच परत पाठवली. चिठ्ठीत काय लिहावं सुचेना, म्हणून फक्त लिहिलं, गुडघ्याला आतून जास्त आहे, घाबरू नकोस.

१८ एप्रिल, रविवार

रिमूस्कीचा सामना रेडिओवर. पहिल्या सत्रातच दोन गोल रेजांच्या पायांमधून. मी उठून भांडी घासायला लागले. तिसरा गेला तेव्हा एक कप फुटला. ओरेल मात्र खुर्चीच्या कडेला येऊन बसलेला, लहान पोरासारखा.

तिसऱ्या सत्रात चार-चार. निवेदकाचा घसा बसला होता. मग तो म्हणाला, सुसाट फटका, पोमेर्लोच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, पोमेर्लो खाली. मी नळ बंद केला. ओरेलचा हात आपल्या गुडघ्यावर गेला. निवेदक बोलत होता, बोलत होता, आणि मग म्हणाला, पोमेर्लो उभा राहिला. काठी आपटून दाखवतोय, ठीक आहे म्हणून.

पाच-चार. रिमूस्की जिंकली. रेडिओत लोकांचा आवाज असा की शब्द कळेनात. ओरेल रडत होता आणि हसत होता. "असं व्हायचं," म्हणाला, "असंच व्हायचं आमच्या वेळी."

फार सुंदर सामना झाला, याचा मला अजून राग येतोय.

१४ सप्टेंबर, मंगळवार

नवं नियमांचं पुस्तक आलं. लाल रेघ गेली. काठीने ओढलं की दोन मिनिटं बाहेर. जाळी तशीच, आजोबा थडग्यातच राहिले. पॅड अकरा इंच. आणि नियम चौदा: माप घेण्यापूर्वी पॅड ओल्या गरम कापडात एक तास, एकशे बावन्न पौंड वजनाखाली.

जिझेलने तो मोठ्याने वाचला, मग न्हाणीघरातून वजनकाटा आणून माझ्यासमोर ठेवला. "चढ."

"मला काम आहे."

"आई, चढ."

चढले. काटा एकशे एक्काहत्तरवर थांबला. ओरेल तिकडे खोकल्यासारखं करून हसत होता. जिझेल म्हणाली, "समितीला पत्र लिही. तूच म्हणालीस, माप म्हणजे माप."

"इंच खोटा सांगितला तो सांगून टाकला, सगळ्यांसमोर. वजन माझं आहे. ते मी सांगेन तेवढंच." आणि काटा परत न्हाणीघरात ठेवून आले.

दुपारी रेजांचा फोन. सहा महिन्यांनी आवाज ऐकला. आणखी एका वर्षाचा करार झालाय, नवी जोडी हवी, अकराची. माझ्यावर राग आहे का विचारलं तर म्हणाला, "होता. मग गुडघ्यावर चकती बसली." मग हळूच म्हणाला, "मादाम, बसवणार तुम्हीच ना?"

"मीच," म्हटलं.

आज त्याचं कातडं कापलं. साडेदहा इंचांवर. बाकीचे कारागीर पॅड एकशे बावन्नाखाली पसरून अकरात बसवतील, नियमाने बरोबर आहे ते. माझं मात्र एकशे एक्काहत्तरने तीन आठवडे बसवल्यावरही चौकटीतून सर्रकन गेलं पाहिजे. तेव्हाच शिक्का मारायचा, आधी नाही. शिवून झालं की रोज संध्याकाळी बटाटे घेऊन बसेन.

असं का करतेस, जिझेलने विचारलं. मी काही सांगितलं नाही. कुणालाच सांगायचं नाहीये, म्हणून इथे लिहिलं.